निकाल लागेपर्यंत

३ फेब्रुवारी

वकीलबाई म्हणाल्या, काय घडतं ते तारीखवार लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतं. त्यांच्यासाठी वेगळी वही केली आहे. तिच्यात विटा, सिमेंटची पोती आणि घरात येणारी-जाणारी माणसं. ही वही माझी. हिच्यात खरं लिहायचं.

तर खरं असं की मला माझ्या धाकट्या भावाचं वाटोळं झालेलं बघायचं आहे. हे लिहिल्यावर जरा हलकं वाटलं.

आता कारण. बाबांच्या घराच्या खालच्या मजल्यावर माझं कवळ्या बनवायचं काम चालतं; वर धाकटा, त्याची बायको आणि आई, मी राहते दुसरीकडे. सव्वीस वर्षं मी आणि बाबा तिथे शेजारी शेजारी बसलो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओतून साचा करतो, साच्यावर मेण, मेणात एकेक दात, आणि मग पक्की कवळी. प्रत्येक साचा आम्ही नाव-तारीख घालून मागच्या खोलीत ठेवत असू. अकराशेच्या वर होते. माणसाची कवळी मोडली, हरवली, तर साचा हाताशी.

बाबा गेले आणि सहा महिन्यांनी धाकट्याने कपाटातून बक्षीसपत्र काढलं. सगळं घर बाबांनी त्याला दिलेलं. सही लटपटलेली. ज्या माणसाचा हात शेवटच्या आठवड्यातसुद्धा दाढेवरची घळ कोरताना हलला नाही, त्याची सही अशी? त्या दिवशी मी शपथ घेतली की वरच्या मजल्यावर, त्याच्या घरात, पाय ठेवणार नाही. ठेवलेला नाही.

तेही मी गिळलं असतं. पण गेल्या महिन्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मी नऊ दिवस दवाखान्यात होते. परत आले तर मागची खोली रिकामी. अकराशे साचे पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत. धाकटा म्हणाला, "जुने प्लास्टरचे तुकडे होते गं ताई. जागा हवी होती." म्हणताना त्याने नजरही खाली केली नाही.

जागा कशाला, तर आईला. नोव्हेंबरात आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी जिना बंद सांगितला, हे खरं. पण डिसेंबरात घरांचा एक दलाल हातात फीत घेऊन आमच्या अंगणात फिरत होता, हेही खरं. आई हे निमित्त. आज खोली, उद्या गाळा, परवा अख्खं घर विकून हा मोकळा.

६ फेब्रुवारी

आज मिळाला. मनाई हुकूम.

न्यायाधीशांनी दहा मिनिटं ऐकलं असेल. दुसऱ्या बाजूला कोणीच नव्हतं, कारण त्याला अजून कळवलंच नव्हतं. वकीलबाईंनी मागच्या भिंतीचे फोटो दाखवले. काल गवंड्याने तिला चार फुटी भगदाड पाडलं आहे, दारासाठी. हुकूम असा: पुढच्या तारखेपर्यंत प्रतिवादीने बांधकाम करू नये, घर विकू किंवा गहाण टाकू नये, आहे ती परिस्थिती बदलू नये.

कोर्टाचा माणूस कागद घेऊन आला तेव्हा मी मुद्दाम दारात उभी राहिले. गवंडी भगदाडाशी बसून वीट लावत होता. धाकट्याने कागद वाचला, पुन्हा वाचला आणि गवंड्याला म्हणाला, राहू दे. गवंड्याने लावलेली वीट परत काढून खाली ठेवली. ओली होती.

धाकटा माझ्याकडे बघत राहिला. मी हाताचं प्लास्टर धुवायला आत गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा शीळ घालावीशी वाटली. येत नाही म्हणून घातली नाही.

७ फेब्रुवारी

वकीलबाईंना विचारलं, हा हुकूम टिकतो किती?

त्या चष्मा दोरीने गळ्यात अडकवतात आणि बोलायच्या आधी तो शोधतात. म्हणाल्या, आत्ताचा फक्त पुढच्या तारखेपर्यंतचा. एकाच बाजूचं ऐकून दिलेला आहे, त्याला आयुष्य थोडं. तारखेला वाढवून घ्यायचा, विसरलात तर गेला. मग समोरचा येईल, त्याचं म्हणणं मांडेल, दोघांचं ऐकून कोर्टाला पटलं तर तोच हुकूम कायम होईल, म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंत.

"आणि निकाल?"

"सात-आठ वर्षं धरा."

मी म्हटलं, चालेल. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, एक लक्षात ठेवा. हुकूम दाव्याच्या अंगावर उभा असतो. दावा संपला की तोही संपला. आणि मधे परिस्थिती बदलली तर कोर्ट तो बदलू शकतं, उठवूही शकतं.

दाव्यात आईसुद्धा आहे, प्रतिवादी क्रमांक दोन. ती वारस आहे, तिला घ्यावंच लागतं म्हणाल्या. आई तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात होती, नोटीस घेताना सही कुठे करायची तेवढंच विचारलं म्हणे तिने.

२७ फेब्रुवारी

घोटाळा. आज तारीख होती आणि न्यायाधीश रजेवर. कारकुनाने सगळ्यांना पुढच्या तारखा वाटल्या, बारा मार्च. हुकूम वाढवायला कोणीच नव्हतं. वकीलबाईंनी अर्ज दिला, तो घ्यायलाही कोणी नाही. म्हणजे आज संध्याकाळी पाचपासून बारा तारखेपर्यंत माझ्या हातात काही नाही. दुसऱ्या न्यायाधीशांकडे परवा प्रयत्न करू म्हणाल्या.

गवंडी एका दिवसात चौकट बसवेल.

२८ फेब्रुवारी

सकाळी सातपासून स्टूल टाकून मागच्या अंगणात बसले. मांडीवर डॉक्टरांच्या एका पेशंटची खालची कवळी घासायला घेतली, पण लक्ष भगदाडाकडे. विटा रचलेल्या तशाच. गवंडी आला नाही.

अकराच्या सुमारास धाकटा खाली आला. दाढी वाढलेली. समोर उभा राहून म्हणाला, "हुकूम कालपर्यंतचा होता, मला माहीत आहे. वकिलांनी सांगितलं. मी वीट लावणार नाही, ताई. तू फक्त एकदा वर ये."

मी कवळी घासत राहिले. तो वर गेला.

त्याच्या वकिलाने पढवलेलं दिसतंय. मी वर गेले की म्हणतील, बघा, हिला कोणी अडवलं नाही, हिचं काही बिघडलेलं नाही. इतकी दूधखुळी नाही मी.

तरी एक कळत नाही. बांधून का टाकलं नाही? मी असते तर बांधलं असतं.

१२ मार्च

कायम झाला! दाव्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत.

वकीलबाई आज तलवारीसारख्या चालल्या. सहीवर बोलल्या, दलालावर बोलल्या, माझ्या साच्यांवर बोलल्या. म्हणाल्या, सव्वीस वर्षांचं काम आजारपणाचा फायदा घेऊन नष्ट केलं. ऐकताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. त्याचा वकील एकच पालुपद धरून होता, म्हातारी आई, म्हातारी आई. न्यायाधीश म्हणाले की बक्षीसपत्र संशयास्पद दिसतं, बांधकाम एकदा झालं की मागे घेता येत नाही, सबब हुकूम कायम.

बाहेर आल्यावर मी चपला घेतल्या. कोर्टाच्या जिन्यांना साजेशा, मजबूत. सात-आठ वर्षं टिकायला हव्यात.

९ एप्रिल

आज भावजय खाली आली. ती कधी येत नाही. रुमालात गुंडाळलेली आईची कवळी टेबलावर ठेवली. म्हणाली, आईंच्या हिरड्या बसल्या आहेत, वजन उतरलंय, कवळी तोंडात राहत नाही. बोलताना खाली पडते म्हणून त्या बोलणंच टाळतात. सगळं पातळ करून भरवतोय.

ती कवळी मी केली होती, आठ वर्षांपूर्वी. पुढचे दोन दात किंचित तिरके लावले होते, आईचे मूळचे होते तसे. बाबा म्हणाले होते, सरळ लाव, आणि आई म्हणाली होती, लावू नकोस, मी कोण ते मला आरशात कळलं पाहिजे.

मी म्हटलं, साचा असता तर निम्मं काम इथेच झालं असतं. साचा कचऱ्याच्या गाडीत गेला. ज्याने टाकला त्याला सांगा.

भावजय म्हणाली, "मग माप घ्यायला वर या, ताई. दहा मिनिटांचं काम. हे घरी नसतील तेव्हा या."

मी नाही म्हटलं. शपथ ती शपथ. तिने कवळी उचलली नाही, मीच रुमालात गुंडाळून तिच्या हातात दिली. जिन्यावर तिची पावलं मोजली. सोळा.

मापाचा लगदा भांड्यात कालवायला एक मिनिट, तोंडात धरायला दोन. दहा लागतच नाहीत.

१० एप्रिल

काल जे बोलले ते बरोबर बोलले. त्याला झोंबायला हवंच. साचे फेकले म्हणजे काय केलं, हे आता रोज तीन वेळा जेवताना कळेल त्याला.

जेवतेय आई, हे वाक्य लिहिल्यावर लक्षात आलं. ते खोडत नाही. या वहीत खरं लिहायचं ठरलं आहे.

२२ मे

धाकट्याने अर्ज दिला आहे: हुकूम थोडा सैल करा, फक्त एक दार आणि एक न्हाणीघर करू द्या. निकाल ताईच्या बाजूने लागला तर स्वतः पाडून देईन. वकीलबाईंनी अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, वकील म्हणून सांगते, हरकत घेता येईल आणि बहुधा टिकेल. पण संमती दिलीत तर तुमच्या दाव्याला काडीचाही धक्का लागत नाही.

मी म्हटलं, हरकत घ्या.

त्या म्हणाल्या, घरी जाऊन विचार करा.

मी म्हटलं, विचार करून आले आहे.

१८ जून

कोर्टाने जागा बघायला एक वकील नेमले होते. पोट सुटलेले, घामाघूम गृहस्थ. भगदाड मोजलं, विटा मोजल्या, माझं टेबल पाहिलं. मग वर गेले. मी खाली थांबले. बराच वेळ लागला. उतरले तेव्हा माझ्याशी नीट बोलले नाहीत. वहीत घाईघाईने काहीतरी लिहीत फाटकाबाहेर पडले.

४ जुलै

त्यांचा अहवाल आला. वकीलबाईंकडे बसून वाचला. एक भाग इथे उतरवून ठेवते:

"प्रतिवादी क्र. २, वय ७९, वरच्या मजल्यावर खिडकीलगत पलंगावर आढळल्या. घराबाहेर गेल्यास सात महिने झाल्याचे सांगितले. उच्चार अस्पष्ट. घर कोणाचे असे वाटते, या प्रश्नावर, 'दोघांचे भांडण संपेल त्याचे' असे उत्तर दिले. वादीबद्दल विचारले असता, ती रोज सकाळी नऊला येते, सहाला जाते, गेल्या आठवड्यात एका पायाने लंगडत होती, आता बरी दिसते, असे म्हणाल्या."

वकीलबाई म्हणाल्या, पहिलं उत्तर आपल्या उपयोगाचं आहे. घर धाकट्याचं आहे असं ती म्हणाली नाही.

मीही तेच म्हटलं. उपयोगाचं आहे.

नव्या चपला जूनमध्ये घालायला काढल्या, तेव्हा चावल्या होत्या. डाव्या टाचेला.

५ जुलै

कामावर जाताना मान खाली घालूनच गेले. फाटकापासून माझ्या दारापर्यंत वीस-बावीस पावलं असतील. कुठून तरी कोणी बघत असलं की चालणं बिघडतं, हात कुठे ठेवावेत कळत नाही.

वर पाहिलं नाही.

३० ऑगस्ट

न्यायाधीश बदलले. जुने गेले, नवे अजून यायचे आहेत. अर्ज तसाच पडून. हुकूम मात्र चालू, कारण तो निकालापर्यंतचा आहे, माणूस बदलला तरी तो बदलत नाही. मला हे फार आवडलं. धाकट्याचे दोन महिने असेच गेले. कोर्टाच्या ओसरीत तो मला दिसला, बाकावर डोकं मागे टेकून झोपलेला. तोंड उघडं. खालची उजवीकडची दाढ काढलेली दिसली, कधी काढली कोण जाणे. लहानपणी तीच किडली होती आणि बाबांऐवजी माझा हात धरून तो खुर्चीत बसला होता.

त्याला बघून आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पोटभर नाही झाला. भुकेच्या वेळी दोनच घास मिळावेत तसा.

१६ सप्टेंबर

नव्या साहेबांपुढे सुनावणी. आज मला उभं केलं.

ते म्हणाले, तुमची हरकत नेमकी कशाला आहे? मी म्हटलं, एकदा भिंत उभी राहिली की ती कोणी पाडत नाही, साहेब. माझी सव्वीस वर्षांची खोली कायमची जाईल. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, आणि तुमच्या आईंचं काय?

मी तयारी करून गेले होते. म्हटलं, मी आईला माझ्या घरी न्यायला तयार आहे.

धाकट्याचा वकील उठला. इतके महिने एकच पालुपद गाणारा माणूस, आज एकच प्रश्न विचारला. "आपलं घर कितव्या मजल्यावर आहे, बाई?"

"तिसऱ्या."

"लिफ्ट?"

"नाही."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. साहेबांनी हसू दिलं नाही, पण माझे कान तापले. धाकटा हसला नाही. तो खाली बघत होता. हसला असता तर बरं झालं असतं, मला आधार मिळाला असता.

अर्ज नामंजूर. साहेब म्हणाले, मालकीचाच वाद असताना बांधकामाला परवानगी देता येत नाही. दावा लवकर चालवा.

जिंकले. बाहेर वकीलबाई म्हणाल्या, अभिनंदन. आणि छत्री घेऊन एकट्याच चालायला लागल्या. एरवी आम्ही कोपऱ्यापर्यंत बरोबर जातो.

११ ऑक्टोबर

मोठ्या रस्त्यावरच्या डॉक्टरांकडे तयार कवळ्या पोचवायला गेले. ते सहज म्हणाले, तुमच्या आईंची छान बसली हो. मी विचारलं, काय बसलं? तर ते स्वतः घरी जाऊन माप घेऊन आले होते आणि कवळी दुसरीकडून करवून घेतली. धाकट्यानेच दुसरं नाव सुचवलं. "मला वाटलं, घरच्यांचं काम घरच्यांनी करू नये असा तुमचा नियम असेल," म्हणाले.

मी म्हटलं, हो, तसंच.

समोरचे दात कसे लावलेत ते विचारायचं होतं. विचारलं नाही. सरळ लावले असणार. कोणाला काय माहीत.

हेही त्यानेच केलं. माझे साचे फेकले आणि माझं कामही दुसऱ्याला दिलं. हे मी विसरणार नाही.

२ डिसेंबर

वकीलबाईंनी तातडीने बोलावलं. मला वाटलं, त्याने काहीतरी विकलं, सापडला.

टेबलावर एक कागद होता. धाकट्याने दावा कबूल केला आहे. बक्षीसपत्र रद्द समजावं. एवढंच नाही. ते रद्द झालं की बाबांच्या घरात आई, तो आणि मी असे तीन सारखे वाटे. त्यातला त्याचा वाटा तो माझ्या नावाने सोडतो. आणि खाली दुसरी सही. आईचा वाटाही माझ्या नावाने. सही टेलिफोन खात्यातली, शेवटच्या अक्षराखाली रेघ मारायची तिची सवय, रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेलेली.

बदल्यात काय, म्हटलं.

"काही नाही. घर रिकामं करायला आठ दिवस."

मी म्हटलं, यात डाव आहे.

वकीलबाई म्हणाल्या, मीही शोधला. नाही सापडला. दुसऱ्या गावी तुमच्या भावाच्या बायकोच्या माहेरची तळमजल्याची दोन खोल्यांची जागा मिळाली आहे. तिथे पायरी नाही. दावा संपायला सात वर्षं लागतील, आई तितकी थांबणार नाही, असं त्यांनी वकिलांना सांगितलं.

मी विचारलं, मी नाही म्हटलं तर?

"कशाला नाही म्हणणार?" त्यांनी चष्मा शोधलाच नाही, तसंच माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही मागितलं होतंत त्याच्या तिप्पट तो देतोय. नाही म्हणायला कारण द्यावं लागतं."

कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण कोर्टात सांगण्याजोगं नव्हतं.

३ डिसेंबर

दिवसभरात दोन दात वाकडे लावले आणि मेण पुन्हा वितळवलं.

सात वर्षं माझी होती. कोर्टाने दिली होती. दर तारखेला तो येणार, बाकावर बसणार, पुढची तारीख घेऊन जाणार. केस पिकतील, वकील बदलतील, भगदाड तसंच राहील आणि रोज त्याच्यातून वारा येईल. हे सगळं मी मनात बांधून ठेवलं होतं, वीट न वीट. आणि त्याने एका सहीत ते काढून घेतलं. वर उदार ठरला.

देऊन टाकून हरवता येतं माणसाला, हे त्याला कोणी शिकवलं?

९ डिसेंबर

निकाल लागला. पाच मिनिटं. साहेबांनी दोन्ही बाजूंना विचारलं, मजकूर मान्य आहे? धाकटा हो म्हणाला. मी हो म्हणाले, ते ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. साहेबांनी लिहायला सांगितलं: तडजोडीप्रमाणे दावा निकाली, तात्पुरता मनाई हुकूम आजपासून संपुष्टात.

दहा महिने, तीन दिवस. मधले ते तेरा दिवस वजा केले तर कमी.

मी वकीलबाईंना विचारलं की साच्यांच्या नुकसानीबद्दल वेगळा दावा करता येईल का. करता येईल, म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "तो मात्र दुसऱ्या कोणाकडून करा."

१७ डिसेंबर

आज ते गेले.

सामान कालच गेलं होतं. आज सकाळी दहाला गाडी आली आणि मी कामाला बसले. ठरवलं होतं, उठायचं नाही. एका नव्या कवळीचा वरचा भाग घासायचा होता. यंत्र चालू केलं म्हणजे बाहेरचं ऐकू येत नाही. पण जिन्यावरचा एकेक थांबा भिंतीतून कळत होता. चार पायऱ्या, थांबले. तीन पायऱ्या, थांबले. कोणीतरी म्हणालं, जरा डावीकडे घ्या. यंत्र चालूच होतं आणि कवळी कधीच गुळगुळीत झाली होती. आणखी घासली असती तर आरपार गेली असती. बंद केलं.

दारात जाऊन उभी राहिले.

आईला लाकडी खुर्चीत बसवून चादरीने बांधलं होतं. पुढचे दोन पाय धाकट्याने आणि गवंड्याने धरले होते, मागून दोन हमाल. गवंडी आज मदतीला कसा, ते मला कळलं नाही. भावजय उशी घेऊन मागे. आई एवढी लहान कधी झाली? खुर्चीत जागा उरत होती.

माझ्यासमोरून जाताना तिने धाकट्याच्या हाताला दोन बोटं लावली आणि ते थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. मी उत्तरं तयार ठेवली होती, बऱ्याच महिन्यांची. साच्यांची, सहीची, दलालाची. सगळी खरी.

ती म्हणाली, "टाच बरी आहे ना?"

मी म्हटलं, हो.

"फाटक धर जरा. ते वाऱ्याने लागतं."

दात सरळ लावले होते. बोलली तेव्हा मला एक क्षण दुसरंच कोणी बोलल्यासारखं वाटलं.

मी पुढे होऊन फाटक ओढून धरलं, अंग चोरून, खुर्चीला पुरेल इतकं. धाकटा अगदी जवळून गेला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि हात मोकळा नव्हता. मी पुसू शकले असते. त्यांनी खुर्ची गाडीत चढवली, आईला आडवं केलं, दार लोटलं. गाडी कोपऱ्यावरून वळली, तिचा आवाजही थांबला.

गवंडी परत आला. त्याची थापी आणि ओळंबा मागच्या अंगणात राहिले होते, दहा महिने. ते पिशवीत घालून तो माझ्यासमोर येऊन थांबला. मला वाटलं, त्याला काही विचारायचं असेल.

"सोडता का, बाई," तो म्हणाला, "मला जायचंय."

मी अजून फाटक धरून, वाट अडवून उभी होते.